आकडा कुणी मोजला? बांगलादेशच्या प्रगतीतून संशोधनाचे तीन धडे

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: ‘अमुक देशाने अमुक काळात मोठी प्रगती केली.’ पुढे टक्केवारी. आपण ती उचलतो, संदर्भ देतो आणि पुढे जातो. आज जरा तिथेच थांबू या. उदाहरण घेऊ शेजारच्या बांगलादेशचं.

१९७० चं भीषण चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, १९७४ चा दुष्काळ. हा देश उभा राहील का, अशीच शंका तेव्हा बऱ्याच जणांना होती. आता हे बघा. सहस्रक विकास उद्दिष्टांच्या हिशेबात १९९० साली पाच वर्षांखालील बालमृत्यू दर हजारी सुमारे १४४ होता, तो २०१५ पर्यंत ३८ वर आला. लक्ष्य होतं ४८. राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालची लोकसंख्या १९९१-९२ मधल्या ५६.७ टक्क्यांवरून २०१० मध्ये ३१.५ टक्क्यांवर आली. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांत मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागलं आणि माध्यमिक वर्गांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली.

हे कसं झालं? यातला एकच धागा पकडू: जुलाब.

१९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिलं की मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात घातलेलं पाणी तोंडाने दिलं तरी कॉलराचा रुग्ण वाचवता येतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. हीच आपली जलसंजीवनी.

पण शोध लागला म्हणजे तो घरात पोचला असं नाही. १९८० पासून ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि दहा वर्षांत सुमारे १.२ कोटी घरांतल्या बायकांना त्यांनी शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. गंमत त्यांच्या पगारात होती. किती घरं केली यावर तो ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन निवडक घरांत विचारायचा, मिश्रण करायला लावायचा, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जायचा. त्या बाईला जेवढं नीट जमलं, तेवढे पैसे शिकवणारीला.

तरीही सुरुवातीला एक गोष्ट समोर आली. बायकांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडलं की वापर कमीच. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा या पाण्यावर विश्वास नव्हता! मग त्यांना शरीरात काय घडतं ते समजावून सांगितलं गेलं, पुरुषांनाही बैठकींना बोलावलं गेलं. धडा पहिला: ‘माहीत आहे’ आणि ‘वापरलं’ हे दोन वेगळे चल आहेत. प्रश्नावलीत ते एकत्र करू नका.

आता दुसरी बाजू. जुलाब तळ्याच्या घाण पाण्यातून होतात म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगाव कूपनलिका बसवल्या गेल्या. ‘सुरक्षित पाणी’ या रकान्यातला आकडा झकास वाढला. मात्र त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे कुणी तपासलंच नव्हतं. १९९३ मध्ये बांगलादेशात ते सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातल्या लेखात धोक्यात असलेल्यांचा अंदाज होता ३.५ ते ७.७ कोटी. शिवाय बांगलादेशची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. म्हणजे तीच विहीर एका कागदावर सुरक्षित, दुसऱ्यावर नाही. धडा दुसरा: निर्देशक फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

तिसरं उदाहरण मातामृत्यूचं. राष्ट्रीय सर्वेक्षणांत दर लाख जिवंत जन्मांमागे २००१ मध्ये ३२२ आणि २०१० मध्ये १९४ मृत्यू आढळले. सगळे खूश. २०१६ च्या सर्वेक्षणात आकडा आला १९६. याच सहा वर्षांत दवाखान्यात होणारी बाळंतपणं २३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेली होती! बाई दवाखान्यात पोचली, पण रक्तस्राव किंवा झटके थांबवायची तयारी तिथे होती का? धडा तिसरा: सेवा पोचली म्हणजे परिणाम झाला असं धरू नका.

मग प्रगती खोटी का? अजिबात नाही. वाचलेली मुलं खरी आहेत. ते आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण मतलब या भागात १९६६ पासून जन्म-मृत्यूची नोंद घरोघरी जाऊन ठेवली जाते आहे. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही आधी घरोघरचे जन्म-मृत्यू मोजले, मग नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्या धर्तीवरच्या गृहभेटींची चाचणी बांगलादेशातल्या सिलहटमध्येही झाली.

तेव्हा आज एवढंच करा. तुमच्या प्रस्तावातला पहिला आकडा काढा आणि त्यासमोर चार प्रश्न लिहा: कुणी मोजला, कुणाच्या दारात जाऊन, कोणत्या व्याख्येने, आणि काय मोजायचं राहिलं? चौथ्या प्रश्नापाशी अडलात, तर निराश होऊ नका. कदाचित तुमचा विषय तिथेच सापडेल.