पैनगंगेचे पाणी आणि अपुरा राहिलेला जलमार्ग

गेल्या श्रावणात आम्ही देऊळघाटला पैनगंगेच्या काठी उभे होतो. पावसाची रिपरिप सुरू होती. उगमापासून फार दूर न आलेली ही नदी दोन्ही काठांनी गढूळ होऊन वाहत होती. चार महिन्यांपूर्वी याच पात्रातून माणसे कोरड्या पायांनी पलीकडे गेली असतील, हे खरे वाटू नये असा तिचा रंग होता.

त्याच सुमारास आमच्या आप्तांपैकी एक दांपत्य फ्रान्समधील बर्गंडीच्या कालव्यातून आठ दिवस नावेने फिरून आले होते. काठावरची झाडांची रांग, संथ पाणी, माणसाच्या भरभर चालण्याइतकाच नावेचा वेग, हे सारे त्यांना भावले. तक्रार होती ती एवढीच की भर उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, पाऊस त्यांची पाठ सोडीना. आम्हांला मात्र त्या तक्रारीतच त्या कालव्याचे मर्म दिसले. उन्हाळ्यातही जेथे आभाळ पाणी देते, तेथे कालव्याची पातळी राखणे पुष्कळ सुकर होते.

तरीही फ्रेंचांनी सारे आभाळावर सोपवले नाही. दक्षिणेकडील मिदी कालवा हा सुमारे 240 किलोमीटरांचा. पियेर पॉल रिके या करवसुली अधिकाऱ्याने 1666 मध्ये त्याचे काम हाती घेतले, आपली संपत्ती त्यात ओतली आणि 1680 मध्ये, कालवा खुला होण्यास काही महिनेच उरले असता, तो निवर्तला. नाव डोंगर चढते ती लॉकच्या साहाय्याने: दोन दरवाज्यांच्या मध्ये दगडी टाके असते; नाव आत घेऊन खालचा दरवाजा लावावा, वरचे पाणी सोडावे, की नाव पाण्याबरोबर वर उचलली जाते. प्रत्येक वेळी टाकेभर पाणी मात्र उताराला जाते. म्हणून रिकेने कालव्याच्या माथ्याला पाणी पुरवण्यासाठी सॅं फेरेओल येथे आधी तलाव बांधला. 1832 मध्ये पूर्ण झालेल्या बर्गंडीच्या कालव्यावर असे 189 लॉक आहेत आणि माथ्याला पाणी पुरवणारे तलावही आहेत.

(विदर्भात आलेले फ्रान्सालियन मिशनरी ज्या आन्सी गावचे, तेही सरोवराचे व कालव्यांचे गाव. 1838 मध्ये तेथे स्थापन झालेल्या त्यांच्या संघाचे धर्मगुरू 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले व पुढे नागपुरास आले. दोन्ही प्रदेशांतील पाण्याचा फरक त्यांच्याइतका कोणास जाणवला असेल?)

वऱ्हाडालाही असा जलमार्ग मिळण्याचा योग एकदा आला होता. येथला कापूस पूर्वी लमाणांच्या बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. 1825-26 मध्ये पेस्तनजी मेहरजी या पारशी पेढीने तो मुंबईकडे वळवला, तरी घाटवाटा आणि बैल काही सुटले नाहीत. पावसात चिखल, उन्हाळ्यात वाटेवर ना चारा ना पाणी. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा 1852 मध्ये पुरा करणारे आर्थर कॉटन यांनी मग वेगळीच वाट सुचवली. मध्य हिंदुस्थानचा कापूस वर्धा-वैनगंगेने प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि नावेनेच पूर्व समुद्रावर न्यावा. कापसाच्या वाटेसाठी झटणाऱ्या माणसाचे आडनावही इंग्रजीत कापूसच असावे, ही गंमत आम्हांला नेहमी वाटते.

नदीत खडकाळ धारांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, सिरोंच्याजवळील इंचमपल्ली आणि अहेरी भागातील देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे व लॉक बांधण्याचे काम कॅप्टन हेग यांच्याकडे आले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1863 मध्ये या नद्यांच्या नौकानयनयोग्यतेवर अहवालच लिहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) त्या वेळी कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता.

तोटा होता तो मजुरांचा आणि आरोग्याचा. जंगलातील तापाने माणसे आजारी पडत, बाहेरून आणलेले मजूर टिकत नसत, आणि पुराच्या दिवसांत बांधकामाला हात लावता येत नसे. ज्यांनी ते दगड वाहिले त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. इतिहासकारांनी टेंपल व हेग यांच्यावर पाने खर्च केली. या तापकरी माणसांसाठी एखादी ओळ लिहिली असती तर बरे झाले असते.

इकडे रेल्वे थांबली नाही. 1867 मध्ये ती नागपुरास पोहोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोंच्या हस्ते खुला झाला. देऊळघाटच्या गाड्यांना आता राजूरचा घाट उतरून मलकापूर गाठले की पुरे. 1871 च्या ऑक्टोबरात सरकारने गोदावरीवरील काम थांबवले.

कॉटन यांचे मत अखेरपर्यंत हेच राहिले की रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त आणि कालवा शेतालाही उपयोगी. दुसरा मुद्दा आम्हांला पूर्ण पटतो. येथे वाटेपेक्षा शेताला पाणी अधिक हवे होते. पहिल्याविषयी मात्र शंका वाटते. जी नदी वर्षातून काही महिनेच नाव पेलू शकते तिला बारमाही करायचे, तर अडथळ्यांना वळसे घालून भागत नाही. रिकेसारखा आधी पाण्याचा साठा करावा लागतो. तेवढा पैसा व तेवढा धीर त्या सरकारपाशी नव्हता.

पावसाची सर ओसरली तसे आम्ही काठावरून निघालो. खालचे गढूळ पाणी मात्र आपल्या जुन्याच वाटेला लागले होते: इसापूरचे धरण, मग वर्धा, प्राणहिता, सिरोंचा आणि गोदावरी.