रक्तपिपासू मॅकेन्झी

एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत घुमटाचे एक काळवंडलेले थडगे आहे. तेथल्या पोरांचा जुना खेळ असा, की थडग्याच्या दाराशी जायचे, आतल्या साहेबाला बाहेर येण्याचे आव्हान द्यायचे आणि धूम ठोकायची! आपल्याकडे पिंपळावरच्या मुंजाला डिवचतात, तशातलाच हा प्रकार.

हा साहेब म्हणजे सर जॉर्ज मॅकेन्झी, दुसऱ्या चार्ल्स राजाचा स्कॉटलंडमधील मुख्य सरकारी वकील. गृहस्थ मोठा विद्वान; वकिलांच्या नामांकित ग्रंथालयाचा संस्थापक. पण राजाने धर्मात ढवळाढवळ करू नये, असे म्हणणाऱ्या ‘कव्हेनंटर’ मंडळींचा तो कर्दनकाळ होता. १६७९ च्या जूनमध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत त्यांचा मोड झाला आणि सुमारे १,२०० कैदी दफनभूमीलगतच्या मैदानात डांबले गेले. वर आभाळ, पोटात जेमतेम भाकर! कित्येक तिथेच खपले. बहुतेकांनी शरणपत्र लिहून सुटका करून घेतली. शेवटी उरलेल्या सुमारे अडीचशे जणांना वसाहतींकडे धाडले. डिसेंबरात ऑर्कने बेटांपाशी जहाज फुटले आणि त्यांतले सुमारे २०० बुडाले.

१६९१ साली मॅकेन्झी वारला आणि पुरला गेला तो त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर! मग त्याला शांती कुठली, असे लोक म्हणू लागले. १९९८ नंतर तर भुताला नवा जोम चढला. रात्री येणाऱ्यांच्या अंगावर म्हणे ओरखडे उठतात, कोणी मूर्च्छित पडतात. तिकिटे लावून रात्रफेऱ्या निघाल्या. २००३ साली दोन मुलांनी थडग्यात शिरून एक कवटीच पळवली. प्रकरण कोर्टात गेले.

कव्हेनंटर हुतात्म्यांचे स्मारकही याच आवारात आहे, १७०६ पासून. तिथे मात्र कोणी हाक मारून पळत नाही.