मिठागर आणि विज्ञानाचा तास

मुंबईंतील अँटॉप हिलच्या पूर्वेस जी सखल जमीन आहे, तिच्यावर वडाळ्याच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविलें गेलें. भरतीचें पाणी उथळ वाफ्यांत घ्यावयाचें, उन्हांत आटवावयाचें आणि उरलेलें मीठ ओढून त्याचे ढीग करावयाचे, हा तो व्यवसाय. या परिसरांतील एखाद्या शाळेंत सातवीच्या मुलांना ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असें विचारावें; व्याख्या बहुधा बिनचूक येईल. परंतु ‘वाफे उथळच कां?’ असें विचारल्यास वर्ग गप्प बसण्याचाच संभव अधिक. एका ताटांत व एका अरुंद पेल्यांत सारखेंच मिठाचें पाणी मापून उन्हांत ठेवलें, तर मुलें याचें उत्तर आपण होऊन काढतील. पाठ केलेल्या व शोधून काढलेल्या ज्ञानांतील हें अंतर कमी करण्याचा जो एक मोठा प्रयत्न आपल्या देशांत झाला, त्याची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

कल्पना तशी जुनी आहे. विद्यार्थ्याला शोधकाच्या जागीं बसवावें, असा आग्रह हेन्री आर्मस्ट्राँग यांनीं इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच धरला होता. आपल्याकडे 1970 च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं शास्त्रज्ञ शालेय विज्ञानाकडे वळले. त्यांपैकीं अनिल सद्गोपाल यांनीं संस्था सोडून मध्यप्रदेशांत ‘किशोर भारती’ची उभारणी केली. या संस्थेनें व रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरनें मिळून 1972 सालीं होशंगाबाद (आतांचें नर्मदापुरम) जिल्ह्यांतील 16 माध्यमिक शाळांत प्रयोगमूलक विज्ञानशिक्षण सुरू केलें. 1978 सालीं तें सबंध जिल्ह्यांत पसरलें, आणि 1982 सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें तें पुढें चालविलें.

त्याची रीत साधी होती. मुलांनीं टोळ्या करून प्रयोग करावयाचे, निरीक्षणें लिहावयाचीं आणि निष्कर्षावर वर्गांत वाद घालावयाचा. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरें नसत, प्रश्न असत. साहित्य स्वस्त होतें. आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासूनही आकृति बनत. परीक्षेंत पुस्तक उघडून पाहण्याची मोकळीक होती आणि हातानें प्रयोग करून दाखवावा लागे. मुलांच्या मनांतील शंकांना ‘सवालीराम’ हा कल्पित गृहस्थ पत्रानें उत्तरें देई.

इकडे मुंबईंत 1974 सालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालें. आज तें मानखुर्दला आहे. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं महानगरपालिकेच्या शाळांत व जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसरांत काम केलें. त्यांत त्यांना असें दिसलें कीं, गरीब घरच्या मुलांना विज्ञान अवघड जातें याचें एक मोठें कारण पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हें आहे. बुद्धि मंद असते, हा समज त्यामुळें पुष्कळसा खोटा ठरला.

तरीही 2002 सालीं मध्यप्रदेश सरकारनें होशंगाबादचा उपक्रम बंद केला. त्या वेळीं तो शेंकडों शाळांत चालू होता. तीनच वर्षांनीं, यशपाल यांच्या अध्यक्षतेखालीं तयार झालेल्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यांत ‘करून शिका’ हेंच तत्त्व गौरविलें गेलें. म्हणजे वर्गांतून जें उठविलें, तें कागदावर बसविलें.

या इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, अडचण कधींच पैशाची नव्हती. ताट, पेला आणि मूठभर मीठ कोणत्याही शाळेला परवडतें. अडचण आहे ती परीक्षेची आणि शिक्षकाच्या धास्तीची. मुलानें अनपेक्षित प्रश्न विचारला असतां ‘मलाही ठाऊक नाहीं, आपण करून पाहूं’ असें म्हणण्याची मोकळीक ज्या शिक्षकाला नाहीं, त्याच्या हातीं उत्तम साहित्य दिलें तरी तें कपाटांतच राहील. होशंगाबादेंत ती मोकळीक प्रशिक्षणानें व मासिक बैठकांनीं दिली गेली होती, आणि परीक्षाही तिच्या आड येत नव्हती. मिठागरांच्या शेजारीं वाढणाऱ्या मुलाला वाफे उथळ कां असतात हें समजावें, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं प्रथम परीक्षेचा कागद बदलावा. साहित्य मागाहून सहज जमेल.