आमचा संघ कोणता?

बडा फुहारा आणि सराफा यांच्या गजबजाटात उभी असलेली कमानिया गेट ही वास्तू जबलपुरातील प्रत्येक मराठी कुटुंबाच्या परिचयाची आहे. १९३९ च्या मार्चमध्ये त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची ती स्मृती होय. त्या अधिवेशनाचे अध्यक्षपद सुभाषबाबूंनी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी जिंकले होते. परंतु एप्रिल सरण्यापूर्वीच त्यांना ते सोडावे लागले. विजयाची कमान उभी राहते, विजय टिकतोच असे नाही. या कमानीखालून जाता-येता आम्हां मंडळींत जो एक वाद वर्षानुवर्षे रंगत आला, त्याचेही मूळ अशाच एका न टिकलेल्या वैभवात आहे. वाद क्रिकेटचा आहे खरा. पण परप्रांती स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या मनाशी त्याचा निकटचा संबंध असल्याने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याची नोंद अस्थानी होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आजच्या तरुण पिढीला कदाचित खरे वाटणार नाही, पण मध्य प्रदेशाच्या क्रिकेटचा पूर्वज जो इंदूरचा होळकर संघ, तो एके काळी मुंबईच्या तोडीस तोड होता. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत त्याने रणजी करंडकाची अंतिम फेरी १० वेळा गाठली आणि करंडक ४ वेळा जिंकला. कर्णधार कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, तर मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे यांचा जन्म आपल्या शेजारच्या सागरचा. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरे संघाविरुद्ध ओव्हलवर याच सरवट्यांनी शुटे बॅनर्जींच्या साथीने अखेरच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या होत्या. १९४५-४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला. एकाच डावात सहा शतके! भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग. ही नावे वाचताना कोणा मराठी माणसाची छाती फुगणार नाही?

या वैभवाचा पाया राजाश्रय हा होता. होळकर दरबाराने गुणी खेळाडू ठिकठिकाणांहून आणले, त्यांना आपल्या पदरी ठेवले आणि त्यांच्या चरितार्थाची चिंता मिटविली. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. पुढे काही वर्षे संघ जुन्या पुण्याईवर खेळला. १९५२-५३ मध्ये त्याने शेवटचा करंडक जिंकला, १९५४-५५ मध्ये अंतिम सामन्यात मद्रासकडून ४६ धावांनी हार पत्करली, आणि त्यानंतर होळकर हे नावच स्पर्धेतून नाहीसे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला. नागपूर मुंबई राज्यात गेले. आपले जबलपूर इंदूरच्या पंक्तीला बसले. म्हणजे होळकरांचा वारसा आम्हां जबलपूरकरांच्या पदरी पडला तो ताट रिकामे झाल्यावरच!

त्यानंतरचा काळ निराशेचा होता. मध्य प्रदेशाला ४० वर्षांहून अधिक काळ अंतिम फेरीचे दर्शनही घडले नाही. एकेकटे खेळाडू चमकत. १९८८ मध्ये नरेंद्र हिरवानीने पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे १६ गडी बाद केले. १९९९ मध्ये आपल्या जबलपुरात जन्मलेला अमय खुरासिया भारताकडून खेळला. संघ मात्र होता तेथेच राहिला. कोणी निवडीला दोष देई, कोणी मैदानांना. वडीलधारे नायडूंच्या षट्कारांच्या कथा सांगून तरुणांना निरुत्तर करीत. १९९९ मध्ये मुंबईहून आलेल्या चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली संघ बंगलोरला अंतिम सामन्यात पोहोचला. कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडीही मिळाली. तरी अखेरीस ९६ धावांनी पराभव झाला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

जखमेवर मीठ चोळले गेले ते १ जानेवारी २०१८ रोजी. आपल्या जुन्या मध्य प्रांताची राजधानी जे नागपूर, त्याच्या विदर्भ संघाने रणजी करंडक प्रथमच जिंकला, तोही इंदूरच्या होळकर मैदानावर आणि त्याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली! आम्हांपैकी अनेकांची आप्तमंडळी नागपूरची. आम्ही पेढे खाल्ले; पण ते गोड लागले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

फुटबॉलवेड्या इंग्लंडात मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांनी १९६७ नंतर लीगच्या विजेतेपदासाठी १९९३ पर्यंत, म्हणजे २६ वर्षे कळ काढली. आमची प्रतीक्षा ६९ वर्षांची. ती २६ जून २०२२ रोजी बंगलोरलाच संपली. प्रशिक्षक पुन्हा पंडितच, आणि प्रतिस्पर्धी कोण, तर ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई! यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतके झळकावली आणि मध्य प्रदेशाने सहा गडी राखून विजय मिळविला.

त्या पाच दिवसांत आमच्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला गेला: आपण कोणाच्या बाजूचे? वाडेकर-गावसकरांची मुंबई आमच्या आजोबांच्या अभिमानाचा विषय. तिच्याविरुद्ध टाळी वाजविणे हा काहींना मातृद्रोह वाटला. पण विजयी धाव निघाली तेव्हा मुंबईचा अभिमान सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचेच डोळे प्रथम पाणावले. याचे कारण आम्हांस असे दिसते की, मुंबईचे विजय आम्हांस वारशाने मिळाले होते. मध्य प्रदेशाचे पराभव मात्र आम्ही स्वतः सोसले होते. होळकरांचा संघ राजाचा होता. हरत, चडफडत, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी धावफलक शोधत आम्ही ज्याच्यामागे उभे राहिलो, तो संघ आमचा झाला.

मंडळाच्या पन्नास वर्षांतही भरल्या सभागृहांचे आणि रिकाम्या खुर्च्यांचे असे दोन्ही काळ येऊन गेले. रिकाम्या खुर्च्यांच्या काळात ज्यांनी सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, त्यांच्यामुळेच हे मंडळ आज आमचे आहे.