पोकलेनचं इंजिन चालू, पण मशीन हलेना. यंत्राच्या आतला 'संवाद' तुटतो तेव्हा बिघाड कसा शोधतात?

२०१९ च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई'चे मीम्स सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. खोदकाम बघायला जमलेली गर्दी हा तेव्हा विनोदाचा विषय झाला होता. पण साइटवर याच्या उलटं चित्रही दिसतं. मशीन उभी असते, डिस्प्लेवर 'कम्युनिकेशन एरर' असा मेसेज असतो. डंपर रांगेत थांबलेले असतात आणि मालक फोनवर विचारत असतो, "नक्की झालंय काय?"

डिझेल आहे, ऑइल आहे, इंजिनही चालू होतंय. तरीही बूम उचलत नाही किंवा इंजिनचा वेग वाढत नाही. अशा वेळी बिघाड अनेकदा लोखंडात नसून दोन बारीक वायरींमध्ये असतो.

एका मशीनमध्ये किती कंप्युटर?

आजच्या पोकलेन, लोडर किंवा ग्रेडरमध्ये एकापेक्षा जास्त छोटे कंप्युटर असतात. त्यांना ईसीयू किंवा कंट्रोलर म्हणतात. एक इंजिन सांभाळतो, एक हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह, तर एक केबिनमधला डिस्प्ले. चाकांच्या मशीनमध्ये गिअरबॉक्ससाठी वेगळा कंट्रोलर असू शकतो.

भारतात चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून 'सीईव्ही स्टेज ४' हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतर इंजिनांवरचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणखी वाढलं. त्यामुळे पूर्वी पाना-हातोडीवर चालणाऱ्या मेस्त्रींना आता मल्टिमीटरही हाताशी ठेवावा लागतो.

हे सगळे एकमेकांशी बोलतात कसे?

प्रत्येक कंट्रोलरपासून प्रत्येकाकडे वेगळी वायर ओढायची तर वायरींचं जंगल होईल. त्यावरचा उपाय म्हणजे 'कॅन बस'. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही पद्धत विकसित केली आणि १९८६ मध्ये जगासमोर आणली.

यात एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच वायरी असतात: 'कॅन हाय' आणि 'कॅन लो'. सगळे कंट्रोलर याच जोडीला जोडलेले असतात. व्हॉट्सॲप ग्रुपसारखं समजा. एकाने मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो, ज्याला गरज आहे तो वापरतो.

अवजड वाहनं आणि यंत्रांमध्ये या वायरींवर बहुतेक वेळा 'जे १९३९' ही भाषा वापरली जाते. तिचा नेहमीचा वेग सेकंदाला २,५०,००० बिट्स असतो. नव्या यंत्रांत तो ५,००,०००ही असतो.

बिघाड होतो कशामुळे?

कारणं बहुतेक वेळा साधी असतात:

- हार्नेस फ्रेमला घासून वायरीचं आवरण निघणं
- पावसाचं किंवा प्रेशर वॉशचं पाणी कनेक्टरमध्ये शिरून पिनांना गंज चढणं
- उंदरांनी वायर कुरतडणं
- अर्थची वायर सैल होणं किंवा बॅटरी कमजोर असणं
- जीपीएस ट्रॅकर बसवताना कॅनच्या वायरी कापून केलेला कच्चा जोड

गप्प कोण आहे, ते आधी बघा

डिस्प्लेवर कोड आला म्हणजे तोच कंट्रोलर खराब, असं नसतं. कोड बऱ्याचदा 'तक्रार करणाऱ्या'कडून येतो. 'इंजिनकडून माहिती येत नाही' अशी तक्रार हायड्रॉलिक कंट्रोलर करत असेल, तर तपास इंजिनच्या बाजूला करावा लागतो.

जे १९३९ च्या कोडमध्ये दोन मुख्य भाग असतात. एसपीएन सांगतो, कोणत्या गोष्टीबद्दल तक्रार आहे. एफएमआय सांगतो, बिघाड कोणत्या प्रकारचा आहे. एफएमआय ९ म्हणजे माहिती ठरलेल्या वेळेत येत नाही. एफएमआय १९ म्हणजे नेटवर्कवरून आलेली माहितीच चुकीची आहे.

इथे एक साधा नियम कामी येतो. एकच कंट्रोलर गप्प असेल, तर आधी त्याचा फ्यूज, सप्लाय, अर्थ आणि त्याच्याकडे जाणारी फांदी तपासायची. सगळेच गप्प असतील, तर मुख्य लाइनवर संशय घ्यायचा.

६० ओहमची परीक्षा

कॅनच्या मुख्य लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो नसेल, तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि मेसेज बिघडतात. हे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असल्याने मीटरवर निम्मं, म्हणजे ६० ओहम दिसायला हवं.

मोजताना मशीन पूर्ण बंद आणि बॅटरी कटऑफ केलेली हवी. युरियाची टाकी (डीईएफ) असलेल्या मशीनमध्ये किल्ली बंद केल्यावर पंपाचं काम संपेपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. अनेक मशीनमध्ये नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक पोर्ट असतो. त्यात 'सी' पिन कॅन हाय आणि 'डी' पिन कॅन लो असते.

मीटरवरच्या आकड्याचा अर्थ असा:

- सुमारे ६० ओहम: दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत
- सुमारे १२० ओहम: एक टर्मिनेटर गायब आहे किंवा तिथपर्यंतची वायर तुटली आहे
- सुमारे ४० ओहम: कुणीतरी तिसरा टर्मिनेटर जोडला आहे
- शून्याजवळ: दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत

काही मशीनमध्ये दोन-तीन वेगळ्या कॅन लाइन असतात. प्रत्येक लाइन वेगळी तपासावी लागते, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम जवळ हवाच.

मग व्होल्टेज

आता बॅटरी जोडून किल्ली ऑन करायची आणि प्रत्येक वायर अर्थच्या तुलनेत मोजायची. साध्या मीटरवर कॅन हाय २.५ व्होल्टच्या थोडं वर आणि कॅन लो थोडं खाली दिसतं. दोन्हींची बेरीज साधारण ५ व्होल्ट येते.

एखादी वायर शून्यावर असेल, तर ती बहुधा अर्थला टेकली आहे. ५ व्होल्टच्या खूप वर असेल, तर ती बॅटरीच्या सप्लायला लागली आहे.

शॉर्ट सापडत नसेल तर?

मीटर लावून ठेवायचा आणि एकेक कंट्रोलर किंवा मधला कनेक्टर काढत जायचं. ज्या क्षणी शून्याचा आकडा बदलून वर जातो, बिघाड त्याच फांदीत असतो. काढलेल्या कंट्रोलरच्या आतच टर्मिनेटर असेल, तर मीटरवर ६० ऐवजी १२० दिसेल, हे लक्षात ठेवायचं.

बिघाड कधी येतो, कधी जातो, अशा वेळी हार्नेस हाताने हलवत मीटरकडे बघायचं. मशीन उभी असताना सगळं ठीक आणि हादरे बसले की एरर, हे सैल पिनचं नेहमीचं लक्षण आहे.

या चुका महाग पडतात

पहिली चूक म्हणजे तपासणी न करता थेट नवा ईसीयू मागवणं. हा भाग महाग असतो, त्यात त्या मशीनचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि दोष वायरीत असेल तर एरर तशीच राहते.

दुसरी चूक म्हणजे टेस्टरची सुई वायरीत खुपसणं. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज चढतो.

तिसरी चूक वेल्डिंगची. बकेट किंवा बूमवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी काढणं, उत्पादकाच्या मॅन्युअलप्रमाणे कंट्रोलरचे कनेक्टर सोडवणं आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेजवळ लावणं गरजेचं आहे. नाहीतर तो करंट इलेक्ट्रॉनिक्समधून जाऊ शकतो.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे काम अडू नये म्हणून सेफ्टी स्विच बायपास करणं. संवाद तुटल्यावर कंट्रोलर वेग कमी करतो किंवा हालचाल थांबवतो, कारण समोरून खरी माहिती येत नसते. बायपास केलेली मशीन कधी हलेल याचा भरवसा नसतो, आणि तिच्या आसपास माणसं काम करत असतात.

म्हणूनच तपासाचा क्रम ठरलेला असतो: आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थ, मग कोड, ६० ओहम आणि व्होल्टेज, आणि ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.