दप्तर विलीन होतं तेव्हा

आमच्या पणजीचं नाव यसूबाई कोमराम असं होतं. म्हणजे सरकारदरबारी. घरात तिला सगळे यसूआजी म्हणत, आणि ‘कोमराम’ नावाचं आडनाव, गाव, देव, काहीच आमच्या घराण्यात कधी नव्हतं. वेल्ह्याच्या बाजूला ओढ्याकाठी आमचं एक भाताचं खाचर आहे. तेवढं तिच्याच नावावर राहून गेलं होतं. वारसनोंद करायची म्हणून संगणकावरचा सातबारा काढला, तर त्यावर ह्या कोमरामबाई! आणि कोमरामबाईंशी आमचं नातं काय, ह्याचा एकही कागद आमच्याकडे नाही.

घरच्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. मूळ नोंद होती ‘यसूबाई कोम रामजी’. कोम म्हणजे अमक्याची बायको. तसंच ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावातल्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. आज हे शब्द जुन्या उताऱ्यांत आणि जुन्या खटल्यांच्या नावांतच भेटतात. मोडीत दोन शब्दांच्या मधे जागा सोडायची पद्धत नाही, आधी ओळ आखायची आणि तिला लटकवल्यासारखी अक्षरं एका दमात लिहीत जायची. मोडीतून बाळबोधीत उतरवताना कुणीतरी ते ‘कोमरामजी’ असं जोडून लिहिलं. पुढे संगणकावर चढवताना ‘जी’ गळाला. झाली बाई परकी.

तेव्हापासून मला ह्या विषयाचा नाद लागला. त्यात माझ्या नोकरीचाही हात आहे. दोन बँका एक झाल्या की एकीची खाती दुसरीच्या प्रणालीत न्यायची, हे काम मी काही वर्षं केलेलं आहे. त्याला डेटा मायग्रेशन असं भारदस्त नाव आहे. कार्यालयं एकत्र येतात तेव्हा समारंभ होतो, फोटो निघतात, नव्या पाट्या लागतात. खरी उलथापालथ नंतर होते, एका वहीतलं दुसऱ्या वहीत उतरवून घेताना. भोर आणि वेल्ह्यात हे कमीत कमी तीनदा झालं आहे.

पहिल्यांदा झालं ते ८ मार्च १९४८ ला. त्या दिवशी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधी भोर, औंध, फलटण, सांगली वगैरे दक्षिणी संस्थानांचं एक संयुक्त राज्य करायचा बेत झाला होता, पण तो काही टिकला नाही. भोरचे राजे म्हणजे पंत सचिव. ह्या पदवीची मला फार गंमत वाटते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव, म्हणजे आधीचा सुरनीस, ह्याचं काम काय होतं? महालांचे आणि परगण्यांचे हिशेब तपासायचे, आणि निघणाऱ्या राजपत्रांतला मजकूर बरोबर आहे ना ते पाहायचं, चूक असेल तर दुरुस्त करायची. राज्याभिषेकाच्या वेळी हे काम अण्णाजी दत्तोंकडे होतं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते शंकराजी नारायण ह्यांच्याकडे आलं आणि त्यांच्या घराण्यात राहिलं. तेच भोरचं राजघराणं. म्हणजे ज्या घराण्याचा मूळ हुद्दाच कागद तपासण्याचा, त्याच्या राज्याचं अख्खं दप्तर १९४८ साली दुसऱ्याच्या स्वाधीन करायची वेळ आली.

संस्थान काही लहान नव्हतं. नऊशेच्या वर चौरस मैल मुलूख, आणि त्याचे पाच तालुके: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. नावं पाहा. पवनमावळ सोडला तर सगळी किल्ल्यांची. विचित्रगड म्हणजे भोरजवळचा रोहिडा, प्रचंडगड म्हणजे वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा. विलीनीकरणानंतर ह्या मुलखाची वाटणी झाली. सुधागड घाटाखाली कुलाबा जिल्ह्यात गेला (आजचा रायगड जिल्हा). भोर पुणे जिल्ह्यातला तालुका झाला आणि वेल्हे हा नुसता महाल, म्हणजे तालुक्याहून एक पायरी खाली. एकाच दप्तराचे कागद असे वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या हिशेबात गेले. ज्याने कधी एका प्रणालीतली खाती दोन-तीन प्रणालींत वाटली असतील, त्याला हे वाचूनच घाम फुटेल.

तरीही, आणि हे मला शोधता शोधता हळूहळू उमगलं, आमच्या खाचराची नोंद १९४८ मध्ये बिघडली नाही. वर राज्य बदललं, पण गावात कुलकर्णी तोच होता. त्याच्या घरी रुमालात बांधलेले तेच कागद, तोच बोरू, तीच मोडी. वरून हुकूम भोरच्या राजवाड्यातून यायचा तो पुण्याच्या कलेक्टर कचेरीतून येऊ लागला, एवढाच फरक. आमच्या धंद्यात नवी प्रणाली सुरू केली तरी जुनी काही दिवस शेजारी चालू ठेवतात आणि रोज दोन्हींचा ताळा जमतो का ते बघतात. गावचा कुलकर्णी म्हणजे ती शेजारी चालू ठेवलेली जुनी प्रणाली. कुणी मुद्दाम ठरवून ठेवली नव्हती, पण होती.

मग ती बंद झाली. मुंबई सरकारने १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करण्याचा कायदा केला आणि १ मे १९५१ पासून वतनं गेली. मुंबई इलाख्यात पुष्कळ गावांत पगारी तलाठी त्याच्या कितीतरी आधीच आले होते. आमच्याकडे मात्र तोवर कुलकर्णीच. वतनं जायलाच हवी होती, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुळाची जमीन एका घरच्या रुमालात बांधलेली असावी आणि तो रुमाल सोडायला त्याच घराच्या पाया पडावं लागावं, हे काही सुखाचं नव्हतं. आमचे आजोबा सांगायचे, उतारा हवा असेल तर जाताना भाजी न्यायची, आणि रिकाम्या हाताने गेलं तर कुलकर्ण्यांना त्या दिवशी चष्मा सापडत नसे.

पण माणूस गेला तेव्हाच लिपीही गेली. शाळेत मोडी शिकवणं पन्नासच्या दशकात थांबत गेलं, सरकारी कागद बाळबोधीत होऊ लागले. १ एप्रिल १९५७ ला आणे-पैच्या जागी नवे पैसे आले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, आणि जमिनीचे एकर-गुंठे सातबाऱ्यावर हेक्टर-आर झाले. त्याच्या आधीच्या कागदांत सन फसली. आमच्याकडे एक चिठोरं आहे, त्यावर सन १२९९ लिहिलंय. माझ्या पुतण्याने ते पाहून “काका, हे तर यादवांच्या काळातलं!” म्हणून उडीच मारली होती. फसलीत ५९० मिळवायचे हे त्याला कोण सांगणार? ते चिठोरं १८८९-९० चं आहे.

म्हणजे दहा-बारा वर्षांत लिहिणारा बदलला, लिपी बदलली, नाणं बदललं, माप बदललं. ह्यातलं प्रत्येक पाऊल एकेकटं पाहिलं तर योग्यच. पण सगळी एकदम पडल्यामुळे, जुनं वाचता येणारा आणि नवं लिहिणारा असे दोघं एका घोंगडीवर शेजारी बसून कधी काम करतायत, हे घडलंच नाही. यसूआजी ‘कोमरामजी’ झाली ती ह्या दिवसांत. मला नक्कल करणाऱ्याचा राग येत नाही. त्याच्यापुढे शेकडो पानं असणार, आणि ‘कोम’ म्हणजे काय ते विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

दुसरी उलथापालथ १ मे १९६२ ची. त्या दिवशी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आधीच्या लोकल बोर्डाची कामं, शाळा, रस्ते, दवाखाने, त्यांच्याकडे आली. महसूल मात्र तहसीलदाराकडेच राहिला, त्यामुळे आमच्या खाचराला त्याची झळ लागली नाही. ती सोडून पुढे जातो.

तिसरी वेळ संगणकाची. राज्यातले सातबारे संगणकावर चढवायचं काम ह्या शतकाच्या सुरुवातीला जोरात होतं. हस्तलिखित पुस्तकं समोर ठेवून टंकलेखन चालायचं. टाइप करणारी मुलं बहुतेक त्या गावची नसत. त्यांना रामजी कोण, यसूबाई कोण, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. प्रणालीलाही नव्हतं. मालकाच्या नावाची चौकट भरली की ती खूश. चौकटीत जे आहे ते खरं आहे का, हे चौकटीला विचारता येत नाही.

इथे आत्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण तीच. आजोबा गेले तेव्हा बाकी जमिनीला तिच्या भावांची नावं लागली. आत्याला कुणी विचारलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही, तेव्हा बायका म्हणत नसत. राहिलेलं हे खाचर फार किमतीचं नाही. पण ते यसूआजीचं, आणि यसूआजीने आत्याला लहानपणी सांभाळलेलं. आत्याचं म्हणणं एवढंच: “आधी माझं नाव लावा. मग मी सही करून सोडायचं की नाही ते बघीन.” बहिणींनी हक्कसोड करून द्यायची आणि नाव लागायच्या आधीच पुसलं जायचं, ही आपल्याकडची रीत. तिला आधी लागलेलं नाव पाहायचं होतं. आणि आम्ही तिला सांगत होतो की अगं, यसूआजी तुझी आजी आहे हेच सिद्ध होत नाहीये.

२०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. म्हणजे संगणकावरचे सातबारे छापून गावात मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चूक सांगायची. पुढे कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने लेखनातली चूक दुरुस्त करता येते. मला ही कल्पना अतिशय आवडली. ज्याने ती काढली त्याला प्रणालीपेक्षा गाव जास्त कळत असावं. आमच्या गावातलं वाचन मात्र रटाळ चाललं होतं, अर्धे लोक सावलीत पेंगत होते. यसूबाई कोमराम हे नाव आलं आणि आमचे चुलत चुलते तात्या, तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढचे, काठी आपटून म्हणाले, “कोमराम कोण मेला? कोम रामजी! माझी चुलती ती!” आणि मग थांबेचनात. रामजी कधी गेला, कुठल्या साथीत, खाचर कुणाकडून आलं, बांधावरचं आंब्याचं झाड कुणी लावलं, सगळं सांगून मोकळे. लिहून घेणारा तरुण तलाठी हसत होता, पण लिहून घेत होता.

अर्थात तेवढ्याने झालं नाही. बोलण्याला आधार लागतो. जुनं हस्तलिखित पुस्तक काढावं लागलं, त्याच्या मागचा मोडीतला फेरफार काढावा लागला, तो वाचणारा माणूस पुण्यातून शोधून आणावा लागला. (तेव्हा तो सहज मिळाला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आज बहुधा वाट पाहावी लागली असती.) ते पुस्तक कुणी जपून ठेवलं होतं म्हणून हे झालं. संगणकावर आलं, आता जुनं कशाला, असं म्हणून ते कुणी निकालात काढलं असतं, तर तात्यांचा आवाज कितीही मोठा असला तरी उपयोग नव्हता. ह्याच भोर तालुक्यातल्या कारीच्या जेध्यांनी घरचे कागद जपले, म्हणून लोकमान्य टिळकांना जेधे शकावली प्रसिद्ध करता आली आणि शिवजन्माची तिथी शके १५५१, म्हणजे १६३० सालची, असल्याचा पुरावा लोकांपुढे आला. आमचं खाचर त्यापुढे काय आहे! पण कागद जपण्याची गोष्ट तीच.

आता गावाकडे जाताना सिंहगड रस्त्याने गेलो की नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला लागतात. ही गावं ३० जून २०२१ ला, एकूण २३ गावांबरोबर, पुणे महापालिकेत गेली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गेली होती. ग्रामपंचायतींची दप्तरं पालिकेने ताब्यात घेतली. नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नळजोडांच्या याद्या. ग्रामपंचायती २०११ पासून ‘संग्राम’मध्ये आणि मग आपले सरकार सेवा केंद्रांमधून संगणकावर आल्या होत्या, पण त्यांची मांडणी एक आणि पालिकेच्या मिळकतकराची दुसरी. कराची बिलं गेली आणि आरडाओरडा झाला, तो मुख्यतः रकमेवरून. माझ्या मनात मात्र येतं ते वेगळंच. नमुना ८ लिहिणारा ग्रामपंचायतीचा जुना लिपिक, ज्याला कुठल्या घराला मागे दुसरा उंबरा आहे आणि कुठल्या नावापुढे जावयाचं नाव चुकून लागलंय हे ठाऊक आहे, त्याला ह्या दिवसांत कुठल्या टेबलावर बसवलं असेल? माझं मत विचाराल तर कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याला दोन वर्षं चांगल्या खुर्चीवर बसवावं, शेजारी नव्या प्रणालीचा माणूस द्यावा, आणि दोघांच्या चहाचा खर्च पालिकेने करावा.

आत्याचं नाव लागलं. उतारा हातात दिला तेव्हा तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि डब्यात ठेवला. हक्कसोडीचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. तात्या पुढच्याच वर्षी गेले.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय घेतला. संस्थानातल्या तालुक्याचं ते नाव पंचाहत्तर वर्षांनी फिरून आलं. आत्याने ते टीव्हीवर ऐकलं आणि लगेच फोन केला. आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर ओरडूनच बोलते.

“अरे, तालुक्याचं नाव बदलतायत म्हणे. माझ्या उताऱ्याचं काय?”

म्हटलं, आत्या, काही होत नाही, संगणकाला नाव ठाऊक नसतं, प्रत्येक गावाचा एक आकडा असतो, त्यावर सगळं चालतं.

“आकडा राहू दे. नवीन उतारा काढ आणि मला वाचून दाखव. सगळी नावं वाच. यसूआजीपासून.”