उत्प्रेरक खरंच अलिप्त असतो का?

शाळेत आपण घोकलेलं असतं: उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः भाग घेत नाही. यातलं अर्धंच खरं आहे. कसं, ते सातारा-सांगलीच्या ओळखीच्या वस्तूंतून पाहू.

साताऱ्याच्या कास पठारावर पायाखाली असतो तो जांभा दगड. लाखो वर्षांच्या पावसानं बेसाल्टमधली सिलिका वाहून गेली; मागे राहिली मुख्यतः लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. ॲल्युमिनियम भरपूर असेल तर तेच बॉक्साइट. ते शुद्ध केलं की ॲल्युमिना मिळतं. इकडे सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल बनतं.

या दोघांची गाठ फार जुनी आहे. 18व्या शतकाच्या शेवटी चार डच रसायनशास्त्रज्ञांनी अल्कोहोलची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून सोडली आणि त्यांना इथिलीन वायू मिळाला. ॲल्युमिना अल्कोहोलच्या रेणूतून पाणी काढून घेतं, नंतर ते सोडून देतं आणि पुन्हा मोकळं होतं. पुढे 1835 मध्ये बर्झेलियसनं अशा प्रकारांना ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिलं. नाव मिळालं, पण उत्प्रेरक नेमकं करतो काय, हे कोडं तसंच राहिलं.

मोठं उत्तर 1954 मध्ये आलं. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन हे दोन डच शास्त्रज्ञ व्हॅनेडियम ऑक्साइडवर बेंझिन, नॅफ्थलीनसारख्या पदार्थांचं ऑक्सिडीकरण अभ्यासत होते. त्यांनी मांडलं, की पदार्थाला मिळणारा ऑक्सिजन थेट हवेतला नसतो. ऑक्साइड स्वतःचाच ऑक्सिजन देतो. मग हवा ती रिकामी जागा भरून काढते. म्हणजे दोन पायऱ्यांचा व्यवहार!

पुरावा कसा मिळाला? पुढे संशोधकांनी बिस्मथ मॉलिब्डेटवर प्रोपिलीनसोबत जड ऑक्सिजन-18 सोडला. तरी सुरुवातीच्या उत्पादनात साधा ऑक्सिजन-16 सापडला. तो स्फटिकातलाच होता, आणि फक्त वरच्या थरातला नव्हे. आतल्या थरांतूनही सरकत वर आलेला.

आपल्याकडची विहीर आठवा. मोटर लावून उपसा केला तरी झरे ती पुन्हा भरतात. दुसऱ्या दिवशी पातळी तीच दिसते, म्हणून ‘विहिरीनं पाणी दिलंच नाही’ असं कोणी म्हणेल का?

म्हणूनच असा उत्प्रेरक घडवताना नुसता पृष्ठभाग पाहून भागत नाही. आतला ऑक्सिजन किती सहज सुटतो, तेही बघावं लागतं. फार घट्ट धरला तर काम होत नाही. फार सैल सोडला तर हवा असलेला पदार्थ जळून कार्बन डायऑक्साइड होतो. सगळं कौशल्य या दोन टोकांच्या मधे आहे.